चाल लावणाऱ्याची श्रद्धा

बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी वाचला जाणारा ग्रंथ कोणता, हे विचारायला वाचनालयात जावं लागत नाही. शेगावच्या कुठल्याही प्रसादाच्या दुकानात तो पुढेच मांडलेला असतो. ‘श्री गजानन विजय’, शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्राची एकवीस अध्यायांची ओवीबद्ध पोथी, दासगणू महाराजांनी १९३९ साली रचलेली. कुणी रोज एक अध्याय वाचतं, कुणी एका बैठकीत पारायण करतं. या पोथीत संगीताशी संबंध असलेले दोन प्रसंग आहेत आणि ते शेजारी ठेवले की एकमेकांशी भांडतात.

पहिल्या प्रसंगात गजानन महाराज आपल्याच तंद्रीत एक पद म्हणतात. पद एकच, पण ते कधी या रागात, कधी त्या रागात. शब्द तेवढे कायम, बाकी सगळं मोकळं. दुसऱ्या प्रसंगात तेलंगी ब्राह्मण येऊन वेदपठण करतात. त्यांच्या स्वरात चूक होते, तेव्हा हा दिगंबर अवलिया उठून त्यांना टोकतो आणि तोच भाग अचूक स्वरात म्हणून दाखवतो. म्हणजे भक्तीच्या पदाला राग बदललेला चालतो आणि मंत्राला स्वर तसूभर हललेला चालत नाही. मग देवापर्यंत पोचतं ते काय? शब्द, सूर की म्हणणाऱ्याचा भाव?

पोथीच्या कर्त्याकडे पाहिलं की प्रश्न आणखी टोकदार होतो. दासगणू म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. पोलीसखात्यात नोकरी, हाताशी लावणी रचण्याची कला आणि तमाशाचा नाद. पुढे वामनशास्त्री इस्लामपूरकर गुरू लाभले, शिर्डीच्या साईबाबांचा सहवास घडला आणि लावणीकार कीर्तनकार झाला. गजानन महाराजांनी समाधी घेतली ८ सप्टेंबर १९१० रोजी. पोथी लिहायला घेतली तेव्हा त्या गोष्टीला एकोणतीस वर्षं होत आली होती आणि आधार होता शेगावकरांनी गोळा केलेल्या माहितीचा. ओवी चालवणारा हात मात्र तोच, लावणीवर तयार झालेला. आज वऱ्हाडात त्या ओवीवर लाखो माणसं डोकं टेकवतात.

धार्मिक रचनेला रूप देणारा, तिला चाल लावणारा माणूस त्या श्रद्धेचा असावाच लागतो का? मराठी संगीतात हा प्रश्न ज्यांच्या आयुष्याला पुन्हा पुन्हा येऊन भिडला ते नाव म्हणजे मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर.

कृष्णरावांचा जन्म १८९८ सालचा, आळंदीचा. लहानपणी नाट्यकला प्रवर्तक मंडळीत ‘संत सखू’ नाटकात बालनट म्हणून उभे राहिले. मग भास्करबुवा बखल्यांची तालीम मिळाली. १९२२ साली बुवा गेल्यावर भारत गायन समाजाची आणि गंधर्व नाटक मंडळीतल्या संगीताची धुरा हळूहळू त्यांच्याकडे आली. ‘कान्होपात्रा’, ‘मेनका’, ‘सावित्री’, पुढे नाट्यनिकेतनचं ‘कुलवधू’. प्रभात चित्रपट कंपनीसाठी ‘धर्मात्मा’, ‘गोपालकृष्ण’, ‘माणूस’, ‘शेजारी’. मैफलीत हा गवई चपळ होता, एका रागातून दुसऱ्याच्या अंगणात डोकावून हसत परत येणारा. ‘रागसंग्रह’ या नावाने त्यांनी बंदिशी स्वरलिपीत बांधून सात भागांत छापल्या.

‘कान्होपात्रा’ रंगभूमीवर आलं १९३१ साली. मंगळवेढ्याच्या गणिकेच्या घरी जन्मलेल्या संत कवयित्रीचे अभंग, ते गाणारे स्त्रीवेषातले बालगंधर्व आणि चाल लावणारे कृष्णराव. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसाठी, ‘वन्स मोअर’च्या हिशेबाने बसवलेली ही गाणी. पण नाटक संपलं, कंपनी मोडली, आणि त्यातली भैरवी भजनी मंडळांनी उचलली. खेड्यातल्या काकड्याला ती म्हणणाऱ्या बाईला बालगंधर्वांचं नाव माहीत असेलच असं नाही, आणि तिचं त्यावाचून काही अडतही नाही.

या प्रश्नावर आपल्या परंपरेने एक उत्तर दिलेलं नाही. किमान तीन दिली आहेत आणि तिन्ही एकमेकांच्या विरोधात जातात.

पहिलं उत्तर वैदिकांचं. त्वष्ट्याची गोष्ट वेदपाठशाळेत प्रत्येक विद्यार्थी ऐकतो. इंद्राला मारणारा मुलगा व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला. ‘इंद्रशत्रु’ हा शब्द म्हणताना त्याचा स्वर चुकला, समास फिरला, आणि इंद्राला मारणारा व्हायचा तो इंद्राकडून मरणारा झाला. त्वष्ट्याची तळमळ खोटी होती का? मुळीच नाही; पुत्रशोकाने आणि सुडाने तो पेटला होता. पण भाव पुरा पडला नाही, कारण स्वर चुकला. मीमांसकांनी यालाच शास्त्राचं बळ दिलं. त्यांच्या मते वेदाला कर्ता नाही, मंत्राचं सामर्थ्य म्हणणाऱ्याच्या मनावर अवलंबून नाही. ख्रिस्ती चर्चमध्येही चौथ्या-पाचव्या शतकात असाच वाद रंगला. डोनेटस पंथाचे लोक म्हणत, पतित धर्मगुरूच्या हातून झालेला बाप्तिस्मा व्यर्थ आहे. संत ऑगस्टीनने ते खोडून काढलं. त्याच्या मते संस्कार देवाचा आहे, धर्मगुरूचे हात मळलेले असले म्हणून संस्कार मळत नाही.

दुसरं उत्तर वारकऱ्यांचं, आणि ते अगदी उलट. तुकोबांनी पैसे घेऊन कीर्तन करणाऱ्यावर जो आसूड ओढला आहे तो वाचताना आजही मानधन घेणारे बुवा अस्वस्थ होतात. जिथे कीर्तन करायचं तिथे अन्नसुद्धा घेऊ नये, हा दंडक याच विचारातून आला. इथे सूर दुय्यम आहे. आवाज फाटका असला तरी चालेल, माणूस फाटका नको. या मापाने कंपनीच्या गल्ल्यासाठी बांधलेली भैरवी नापासच व्हायची. तरी ती वारकऱ्यांच्याच गळ्यात जाऊन बसली.

तिसरं उत्तर रसशास्त्राचं. अकराव्या शतकाच्या तोंडावर काश्मिरात अभिनवगुप्ताने मांडलं की रस नटात नसतो, तो सहृदय प्रेक्षकात उमटतो. नट खरोखर रडायला लागला तर नाटक बंद पडेल. त्याचं काम पात्राचं दुःख ‘माझं’ किंवा ‘त्याचं’ न ठेवता सगळ्यांचं करून देणं. हे मान्य केलं की चाल लावणाऱ्याची श्रद्धा हा त्याचा खासगी मामला उरतो.

प्रभातच्या ‘शेजारी’ची आठवण इथे काढायलाच हवी. १९४१ साली व्ही. शांताराम यांनी हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांच्या मैत्रीवर आणि फुटीवर हा चित्रपट काढला, हिंदीत तो ‘पडोसी’ झाला. हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकूर उभा केला मजहर खान यांनी आणि मुसलमान मिर्झा उभा केला गजानन जागीरदारांनी. संगीत कृष्णरावांचं. हिंदूच्या वेषातला मुसलमान आणि मुसलमानाच्या वेषातला हिंदू यांच्या मैत्रीला सूर द्यायचे होते. अभिनवगुप्ताचं म्हणणं सरळ पडद्यावर आलेलं होतं. आणि दोन धर्मांचं एकत्र येणं वऱ्हाडाला पडद्यावर बघावं लागत नाही. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीबाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास यात्रा भरते, तिथे नारळांची होळी पेटते आणि संदलही निघतो.

पण रसशास्त्राचं उत्तर ऐकायला छान असलं तरी पुरेसं नाही. ‘वंदे मातरम्’ने ते दाखवून दिलं.

ब्रिटिश अमदानीत मुंबई रेडिओवर गाताना कृष्णरावांनी मध्येच ‘वंदे मातरम्’ धरलं आणि प्रक्षेपण तोडण्यात आलं. त्यानंतर स्वातंत्र्य मिळेपर्यंत त्यांनी रेडिओवर पाऊल ठेवलं नाही. ‘खासगी मामला’ असता तर एवढं कशाला? गाणं मात्र वादात सापडलेलं होतं. पुढच्या कडव्यांत दुर्गेचं रूप येतं म्हणून मुसलमान पुढाऱ्यांचा आक्षेप होता, आणि १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोनच कडवी म्हणायचं ठरवलं. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीताचा प्रश्न घटना समितीपुढे आला तेव्हा २५ ऑगस्ट १९४८ च्या निवेदनात पंडित नेहरूंनी वाद शब्दांवरून सुरांवर आणला. राष्ट्रगीत गायलं जातं त्यापेक्षा वाजवलं जास्त जातं, तेव्हा ते वाद्यवृंदावर उभं राहिलं पाहिजे, असा त्यांचा मुद्दा. १९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभेत ‘जन गण मन’ वाद्यवृंदाने वाजवलं होतं आणि ते लोकांना आवडलं होतं.

हे आव्हान कृष्णरावांनी गवयासारखं न घेता वाद्यवृंद बसवणाऱ्यासारखं घेतलं. झिंझोटी रागात, लोकधुनेच्या जवळ जाणारी चाल बांधली. पोलीस बँडचे प्रमुख गार्डनर यांच्या मदतीने ती पाश्चात्त्य स्वरलेखनात उतरवली. समूहाने म्हणायची आणि बँडवर वाजवायची अशी वेगवेगळी रूपं तयार केली आणि दिल्लीला जाऊन ऐकवली.

यात गवयाला काय गिळावं लागलं असेल, हे बँड जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. क्लॅरिनेटवाल्याला कागदावर टिंब दिसतं, तेवढंच तो वाजवतो. मींड त्याच्या कागदावर नसते. गंधार किती चढा, किती उतरता, हे गळ्यात ठरतं. ट्रंपेटच्या खटक्यांवर ते आधीच ठरलेलं असतं. चाळीस वादक एका दमात थांबायचे तर सम कुठे, हे ऐनवेळी ठरवता येत नाही. ज्या माणसाचं सारं कर्तृत्व ऐनवेळच्या सुचण्यावर उभं, त्याने ऐनवेळी काहीही सुचणार नाही असं गाणं बांधलं. कवायतीच्या मैदानावरच्या शिपायाला आणि शाळेतल्या बेसूर मुलालाही ते जमावं म्हणून.

कृष्णराव आळंदीचे होते. न वाजवता वाजवून घेणारा माणूस त्या गावाला नवा नाही. ज्ञानोबांच्या पालखीत मुक्कामाला समाजआरती होते, तेव्हा चोपदार हातातली काठी उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणं ऐकतो, मगच आरती पुढे सरकते. युरोपातही अशीच काठी होती. १६८७ साली संगीतकार जाँ बातिस्त ल्यूली पॅरिसमध्ये राजा बरा झाल्याबद्दल देवाचे आभार मानणारं ‘ते देउम’ बसवताना जड काठीने ताल धरत होता. काठी स्वतःच्याच पायावर आदळली, जखम चिघळली आणि तो गेला. कर्मठ टीकाकाराला यात देवाचा कौल दिसेल. पण काठीमागचा नियम दोन्हीकडे एकच आहे. ती हातात धरणाऱ्याने स्वतः गायचं-वाजवायचं नसतं.

२४ जानेवारी १९५० रोजी निकाल लागला. ‘जन गण मन’ राष्ट्रगीत झालं, ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान मिळाला. आकाशवाणीवर पुढे लोकांच्या कानात बसली ती देस रागातली चाल, झिंझोटीतली नव्हे.

त्यानंतर सहा वर्षांनी याच माणसापुढे जास्त अवघड काम आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धवंदनेला चाल लावायला त्यांना सांगितलं. कृष्णरावांनी त्यासाठी पालीचा अभ्यास केला आणि ती वंदना ध्वनिमुद्रित झाली. सालाकडे लक्ष द्यावं: १९५६. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, राम-कृष्णाला न मानण्याची आणि गौरी-गणपतीची पूजा न करण्याची त्यांत स्पष्ट शब्दांत प्रतिज्ञा होती. श्रद्धेच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला नेता वंदनेच्या सुरांसाठी मात्र आळंदीत जन्मलेल्या, ‘गोपालकृष्ण’ला संगीत दिलेल्या कृष्णरावांकडे गेला. बाबासाहेबांना यात विसंगती वाटली नाही. कारण चालीकडून त्यांना दीक्षा नको होती, नेमकेपणा हवा होता.

आणि इथे खुद्द बुद्धवचन आडवं येतं. अंगुत्तर निकायात एक छोटं सुत्त आहे. धम्म लांबवलेल्या गायकी स्वरात म्हटला तर पाच तोटे होतात, असं त्यात सांगितलंय. म्हणणारा स्वतःच्याच आवाजावर लुब्ध होतो. ऐकणारे त्या आवाजात गुंततात. गृहस्थ म्हणतात, हे भिक्खू तर आपल्यासारखेच गातात. सुरावट जमवण्याच्या नादात चित्ताची एकाग्रता मोडते. आणि मागून येणारे हेच वळण गिरवतात. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, पुढे सस्वर पठणाला परवानगी आहे, गायनाला नाही. वैदिक म्हणतात स्वर चुकला तर अनर्थ, वारकरी म्हणतो भाव नसला तर स्वर फुकट, आणि बुद्ध म्हणतो स्वर साधला तर खरा धोका. आधीच्या तीन उत्तरांत हे चौथं, आणि गवयाला सगळ्यांत जाचक.

हे बंधन पाळून चाल बांधायची म्हणजे आयुष्यभर कमावलेलं बाजूला ठेवायचं. तान नको, कारण ती म्हणणाऱ्याला स्वतःवर लुब्ध करते. पल्लेदार आलाप नको, कारण ऐकणारा शरणगमन सोडून आलापामागे जातो. पालीतले ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं मात्र जिथल्या तिथे हवीत, कारण म्हणणारी माणसं ती भाषा पहिल्यांदाच तोंडात घेत होती. मेहकर, चिखली, देऊळगाव राजाकडच्या कुठल्याही गावात विहारात पौर्णिमेला वंदना होते तेव्हा पेटी असतेच असं नाही. एखादी म्हातारी आपल्या पट्टीत सुरुवात करते, पोरं वरच्या पट्टीत घुसतात, पुरुष मागून खर्जात येतात. त्रिसरण तीनदा म्हणताना तिसऱ्या खेपेपर्यंत सगळे कसेबसे एका जागी येतात. पुढच्या काळात या वंदनेत अनेक गळ्यांनी आपापली भर घातली, गावागणिक वळणं बदलली. पण ती विहारात मैफल झाली नाही.

म्हणून चाल लावणाऱ्याच्या श्रद्धेचा पुरावा त्याच्या जन्मदाखल्यात शोधण्यात अर्थ नाही, आणि ‘कलावंताला धर्म नसतो’ असं म्हणून प्रश्न झटकण्यातही नाही. पुरावा चालीतच असतो: आपल्याला येणाऱ्या गोष्टींपैकी त्याने किती मागे ठेवल्या, आणि कुणासाठी. झिंझोटीतलं गीत आणि पालीतली वंदना, दोन्ही ठिकाणी कृष्णरावांनी मागे ठेवली ती तीच वस्तू, स्वतःची गायकी. एका ठिकाणी ते ज्या विचाराचे होते त्यासाठी. दुसऱ्या ठिकाणी ज्या धर्मात ते गेले नाहीत त्याच्या उपासकांसाठी. यातल्या दुसऱ्या कामाला श्रद्धा म्हणायचं नसेल तर पहिल्यालाही म्हणता येणार नाही.

याला आक्षेप आहे आणि तो बिनतोड आहे. इटालियन संगीतकार व्हेर्दीने असं काहीच मागे ठेवलं नाही. कादंबरीकार मॅन्झोनीच्या पहिल्या पुण्यतिथीला, २२ मे १८७४ रोजी मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये त्याने आपलं ‘रेक्विएम’ स्वतः उभं राहून बसवलं. ढोलांचा गडगडाट, तुताऱ्या, ऑपेरातल्या नायिकेसारखी आर्त सोप्रानो. तो फारसा श्रद्धाळू नव्हता हे त्याच्या बायकोनेच लिहून ठेवलंय. तीन दिवसांनी तीच रचना ला स्काला नाट्यगृहात झाली. चर्चमध्ये टाळ्या वाजवता आल्या नव्हत्या, तिथे त्या भरपूर वाजल्या. तरी त्यातला अंतिम न्यायाचा भाग ऐकताना नास्तिकाच्याही अंगावर काटा येतो. तेव्हा संयम हीच श्रद्धेची एकमेव खूण, असं म्हणता येत नाही. पण व्हेर्दीची रचना ऐकायची आहे, कसलेल्या गायकांनी गायची आहे. गावाने मिळून म्हणायच्या उपासनेचा कस वेगळा. तिथे चाल बांधणाऱ्याचा मोठेपणा म्हणणाऱ्याच्या वाटेत येतो.

म्हणणाऱ्यांनी एकदा चाल आपली केली की मूळ कर्त्याचं काय होतं, याचं उदाहरण प्रभातनेच देऊन ठेवलंय. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये शांताराम आठवल्यांनी बीज आणि वृक्षाचा एक अभंग स्वतः लिहिला, केशवराव भोळ्यांनी त्याला चाल दिली. तो इतका तुकोबांचा वाटला की अभ्यासकांनी गाथेत शोधला. आजही सप्ताहात तो तुकोबांचा म्हणून गायला जातो. आठवल्यांची याबद्दल तक्रार असायचं कारण नव्हतं.

१९७१ साली कृष्णरावांना पद्मभूषण मिळालं, १९७४ साली ते गेले. आज वऱ्हाडातल्या भजनी मंडळात चालू सिनेमाच्या धुनेवर गजानन महाराजांची गाणी येतात, भीमजयंतीला डीजेवर वंदनेचं रीमिक्स वाजतं आणि कीर्तनात बुवांच्या मागे गायनाचार्य ताना घेतात. यावर तक्रार करणारे बहुधा चालीचं कूळ काढतात. ही सिनेमाची, ही तमाशाची, ही परधर्मीयाची. दासगणूंची ओवी आणि कान्होपात्रेची भैरवी या कुळाच्या परीक्षेत केव्हाच बाद झाल्या असत्या. भजनी मंडळाची परीक्षा निराळी असते. पेटीवाला नवी चाल धरतो, टाळकरी दोन आवर्तनं ऐकून घेतात, मागच्या रांगेतल्या बायका तिसऱ्याला उचलायचा प्रयत्न करतात. उचलता आली तर पुढच्या एकादशीला पुन्हा फर्माईश होते. नाही आली तर पेटीवाला एकटाच गात राहतो, आणि कुणीतरी मागून जुनी चाल सुरू करतं.